कामाचे तास आणि कामाची वेळ

कामाचे तास आणि कामाची वेळ हे दोन शब्द आपण बोलतांना एकाच अर्थानें वापरतों. आणि ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या हातांत असतो त्याला त्यांतील भेद कधीं जाणवतहि नाहीं. पण जो मनुष्य दुसऱ्याच्या घड्याळावर जगतो त्याच्या दृष्टीनें हे दोन प्रश्न अगदीं वेगळे आहेत. दहा तास काम करावयाचें हें कबूल केल्यावरहि ते दहा तास पहाटे पांचापासून कीं सकाळीं आठांपासून, सलग कीं मध्यें खंड पाडून, रविवार सोडून कीं मंगळवार सोडून, हें ठरावयाचें राहतेंच. आणि घरची चूल, मुलांची शाळा, नळाचें पाणी, आजाऱ्याचें औषध या साऱ्यांचा मेळ पहिल्या प्रश्नापेक्षां या दुसऱ्या प्रश्नावरच अधिक अवलंबून असतो. हिंदुस्थानांतील कामगारविषयक कायद्यांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु तो बहुधा तासांच्या संख्येचा इतिहास असतो. बारांचे अकरा झाले, अकरांचे दहा झाले, हा हिशेब मांडण्यास सोपा आणि वाचण्यासहि सुखकारक. ते तास इकडून तिकडे हलविण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो मुकाट्यानें वापरणाऱ्या मालकास कायद्यानें केव्हां व कितपत अडविलें, ही कथा मात्र त्या हिशेबाच्या मागें दडून राहते. प्रस्तुत लेखांत आम्ही तीच, मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांच्या आधारानें, सांगणार आहों.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंतील पहिल्या सुताच्या गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनीं तिचीं चाकें फिरूं लागलीं. त्यानंतर पंचवीस वर्षें लोटलीं तरी गिरणींत कोणी किती वेळ राबावें यासंबंधीं कायद्याच्या पुस्तकांत एक अक्षरहि नव्हतें. घड्याळाचें काम सूर्यच करी. उजाडलें कीं साचे सुरू, दिसेनासें झालें कीं बंद. मुंबईचा हिवाळ्यांतील लहानांत लहान दिवस सुमारें ११ तासांचा व उन्हाळ्यांतील मोठ्यांत मोठा सव्वातेरा तासांचा. त्याप्रमाणें गिरणीचा दिवसहि ऋतुमानानें लांबे व आखडे. यांत कामगाराची सोय पाहिली जात होती असें मुळींच नव्हे. पण एवढें खरें कीं, सूर्य मालकाच्या सांगण्यावरून अर्धा तास अगोदर उगवत नसे.

त्या काळचा नोकरीच्या कराराचा कायदा किती एकतर्फी होता हेंहि येथें लक्षांत ठेवलें पाहिजे. १८५९ च्या तेराव्या कायद्यान्वयें, आगाऊ रक्कम घेऊन काम टाकून जाणाऱ्या कारागिरास वा मजुरास मॅजिस्ट्रेटपुढें उभें करतां येत असे, आणि हुकूम होऊनहि तो कामावर न गेल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होई. हा कायदा १९२५ सालीं रद्द करण्यांत आला. म्हणजे तो पासष्ट वर्षांहून अधिक काळ जिवंत होता. गिरणीकामगारास आगाऊ रक्कम सहसा मिळत नसे. उलट त्याचाच पगार महिना उलटून गेला तरी मालकाकडे अडकून राही आणि सूचना न देतां काम सोडल्यास तो बुडे. तेव्हां त्याच्यापुरती तुरुंगाची जरूरच नव्हती. काम सोडणारा मजूर असा दोन्ही वाटांनीं बांधलेला होता. पण मनास येईल तेव्हां कामाची वेळ बदलणारा मालक करार मोडतो असें म्हणण्यास मात्र कांहीं आधारच नसे; कारण कोणती वेळ ठरली होती हें कोठेंहि लिहिलेलें नसे. जें लिहिलेलें नाहीं तें मोडलें हें सिद्ध कसें करणार? पुढील सत्तरपंचाहत्तर वर्षांचा इतिहास हा बव्हंशीं ही वेळ एकदां कागदावर आणविण्याचा इतिहास आहे.

१८८१ च्या पहिल्या कारखान्यांच्या कायद्यानें या बाबतींत फारसें कांहीं केलें नाहीं. शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या व यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच तो होता. सात वर्षांखालील मुलास कामास लावूं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांस ९ तासांहून अधिक राबवूं नये, त्यांस दिवसांत एक तास विसावा व महिन्यांत चार सुट्या द्याव्या, एवढेंच त्यानें सांगितलें. प्रौढ स्त्रीपुरुषांविषयीं तो अवाक्षर काढीत नाहीं. त्याच्या उणीवांची चौकशी करण्यासाठीं १८८४ सालीं मुंबई सरकारनें एक कमिशन नेमलें, तेव्हां ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं २३ व २६ सप्टेंबर रोजीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचें निवेदन त्या कमिशनपुढें ठेवलें. या निवेदनांतील मागण्या अनेकांच्या लेखनांत आल्या आहेत: रविवारची पूर्ण सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत पगार, आणि कामावर जखमी होणाऱ्याची तरतूद. ह्यांतील तिसऱ्या मागणीकडे वाचकांनीं क्षणभर निरखून पाहावें. आम्हांला इतके तास पुरे, असें ती म्हणत नाहीं. संध्याकाळची कड ती सूर्यावर सोडते, कारण तेथें मालकाचा हात पोंचत नव्हता. सकाळची कड मात्र ती घड्याळाला बांधून मागते. पहाटे कोणत्या क्षणीं शिटी वाजेल हें अनिश्चित असल्यामुळें दूरच्या वस्तींतून चालत येणाऱ्या माणसाला झोंप कोठें तोडावी हेंच कळत नसावें. पहिल्या तीन मागण्या संख्येच्या नाहींतच, त्या निश्चितीच्या आहेत. त्या निवेदनावर सह्या करणाऱ्या वा आंगठे उठविणाऱ्या लोकांना कायदेपंडित म्हणून कोणी ओळखत नव्हतें. पण कामाची वेळ ही नोकरीची एक अट असून ती ठरलेली असली पाहिजे, हें तत्त्व हिंदुस्थानांत इतक्या स्वच्छपणें प्रथम त्यांनींच मांडलें असें आम्हांस वाटतें.

रविवार त्यांना मिळाला, पण तो कायद्यानें नव्हे. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली. तींत दोन स्त्रियांनींहि भाषणें केलीं. आणि १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारच्या सुटीस मान्यता दिली. साप्ताहिक सुटी, दुपारचा अर्ध्या तासाचा विसावा व स्त्रियांस ११ तासांची मर्यादा, हें सारें पुढच्या वर्षीं, १८९१ च्या कायद्यांत आलें. प्रौढ पुरुष तेव्हांहि मोकळाच राहिला. म्हणजे त्याला राबविण्यास मालक मोकळा राहिला.

या स्थितींत १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्याच वर्षीं स्वदेशीच्या चळवळीनें देशी कापडास मागणी वाढली होती आणि बाजार तेजींत होता. अंधार पडला कीं काम थांबावयाचें, हा जो पन्नास वर्षांचा अलिखित नियम होता तो एका बटणानें नाहींसा झाला. कित्येक गिरण्यांत दिवस चवदा-पंधरा तासांवर गेला. येथें मालकांनीं कोणताहि कायदा मोडला नाहीं हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. मोडावयास कायदाच नव्हता. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, चौकशीसमिति नेमली गेली, तिच्या मागून १९०७ सालीं फॅक्टरी लेबर कमिशन आलें. त्यांत मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनीं बहुमताहून निराळा अहवाल लिहून प्रौढ पुरुषांच्या तासांवरहि सरळ मर्यादा घालावी असा आग्रह धरला. तो कांहीं अंशानें फळास आला, त्याचें पुढें सांगूं.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याहूनहि बोधक प्रसंग त्यानंतर लगेच, १९०६ च्या जानेवारींत घडला. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें होती. साऱ्या हिंदुस्थानास एकच वेळ असावी म्हणून सरकारनें ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढची प्रमाणवेळ ठरविली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती सुरू झाली. मुंबईच्या घड्याळांचे कांटे त्यामुळें ३९ मिनिटें पुढें ढकलावे लागणार होते. अशा प्रकारचा प्रयत्न पूर्वीं एकदां फसला होता: १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांस मद्रासची वेळ लावून पाहिली, आणि शहराच्या विरोधामुळें दोन वर्षांत ती सोडून दिली. या वेळीं वादांत गिरणगांव उतरलें. शहराबाहेरच्या बाजूस असलेल्या एका गिरणीच्या व्यवस्थापकांनीं नवी वेळ लागू करतांच तेथील हजारों कामगारांनीं मागांवरून हात काढून घेतले आणि गिरणीवर दगडफेक केली. पाठोपाठ शहरांतील पंधरा हजारांहून अधिक नागरिकांनीं नव्या वेळेविरुद्ध अर्जांवर सह्या केल्या.

सुशिक्षित वर्गांतील पुष्कळांना तेव्हां, आणि नंतरहि, ही दगडफेक म्हणजे अडाणीपणाचा कळस वाटली. घड्याळाचा कांटा पुढें केला म्हणून का कोणी दगड मारतो? पण हिशेब करून पाहा. गिरणी सहाला सुरू होत असली तर नवे सहा म्हणजे जुने पांच वाजून एकवीस मिनिटें. संध्याकाळीं सुटीहि तितकीच अलीकडे येणार, हें गणितानें खरें. म्हणून तासांची संख्या एका मिनिटानेंहि वाढली नव्हती. तथापि, ज्या मालकानें नुकताच विजेच्या दिव्याच्या जोरावर संध्याकाळ गिळली होती तोच आतां पहाटेकडे हात घालीत आहे असें दिसल्यावर सुटीची वेळ खरोखर अलीकडे येईल यावर कामगारानें कां विश्वास ठेवावा? सकाळचीं ३९ मिनिटें हातोहात जात होतीं. संध्याकाळच्या ३९ मिनिटांचें केवळ आश्वासन होतें. आमच्या मतें १९०६ चें हें भांडण म्हणजे संख्या आणि वेळ यांतील भेदाचें उत्तम उदाहरण आहे: तास तितकेच ठेवूनहि माणसाचा दिवस हिरावून घेतां येतो. आणि कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर मालकापुढें धोका कोणता होता? दंडाचा नव्हे, खटल्याचा नव्हे, केवळ दगडांचा. जेथें कायदा फिर्याद ऐकून घेत नाहीं तेथें फिर्याद दुसऱ्या वाटेनें जाते. मुंबईनें मात्र आपली जुनी वेळ सहजासहजीं सोडली नाहीं. शहरांत ती १९५५ पर्यंत कोठें ना कोठें टिकून होती, आणि दोन घड्याळांतला तो ३९ मिनिटांचा फरक कित्येक पिढ्यांच्या अंगवळणीं पडला होता.

१९११ च्या कायद्यानें कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांस १२ तासांची मर्यादा घातली. डॉ. नायर यांच्या आग्रहाचें फळ म्हणतों तें हेंच. पण आम्हांस त्याच कायद्यांतील दुसरें कलम अधिक महत्त्वाचें वाटतें: मंजूर झालेली पाळीपद्धति असल्यावांचून कापड गिरणींत सकाळीं साडेपांचाच्या आधीं व संध्याकाळीं सातानंतर कोणास कामास लावूं नये असें त्यानें ठरविलें. दिवसाच्या दोन्ही कडांस कायद्यानें प्रथमच खुंट्या ठोकल्या. पुढील पायऱ्या भराभर सांगून टाकतों. १९२० च्या आरंभींच्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९२२ च्या कायद्यानें दिवसास ११ व आठवड्यास ६० तास ही मर्यादा साऱ्या कारखान्यांस लावली. १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांपुरती ती १० व ५४ वर आणली. १९२२ च्या कायद्यांत मॅनेजरानें प्रत्येक कामगाराची कामाची वेळ मुक्रर करावी आणि त्या वेळेबाहेर त्यास कामास लावूं नये, असें बंधन आलें, आणि १९३४ नंतर त्या वेळांची नोटीस कारखान्यांत लावणें मॅनेजरास भाग पडलें. आतां वेळ कागदावर आली होती. पण तो कागद मालकाच्या हातचा होता. आज एक लावला, उद्यां काढून दुसरा लावला, तर इन्स्पेक्टरापलीकडे त्याला विचारणारें कोणी नव्हतें, आणि ज्याच्या संसारावर तो कागद पडे त्याला तर कोणीच विचारीत नसे.

तो कागद संसारावर कसा पडे, हें समजण्यास त्या काळचें गिरणगांव डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींत कोंकणांतून व घाटावरून आलेल्या माणसांचे गाळे असत. एकेका खोलींत दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी भागीनें राहात. आणि ते सारे एका वेळीं तेथें मावत ते केवळ पाळ्यांच्या जोरावर. दिवसपाळीचे उठून गेले कीं रात्रपाळीचे त्याच जागीं अंग टाकीत. खाणावळ चालविणारी बाई भोंग्याच्या हिशेबानें भाकऱ्या थापी, डबे भरी. जेथें नवराबायको दोघेंहि गिरणींत असत तेथें पाजतें मूल कोणाजवळ ठेवावयाचें हेंहि पाळीवरच ठरे. अशा ठिकाणीं पाळीची वेळ दोन तासांनीं हलली म्हणजे केवळ एक मनुष्य दोन तास अलीकडे-पलीकडे झाला असें होत नाहीं. खोलीचा, खाणावळीचा, शेजारणीच्या उपकाराचा सारा मेळच विस्कटतो. गिरणीच्या कचेरींतल्या वहींत मात्र या फेरबदलाची किंमत शून्य मांडलेली असे, कारण तास व मजुरी दोन्ही तींच राहिलीं होतीं.

१९२८ सालीं मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने चाललेला जो प्रचंड संप झाला त्याच्या मागोमाग नेमलेल्या फॉसेट समितीपुढें इतर प्रश्नांबरोबर गिरण्यांच्या स्थायी आदेशांचाहि प्रश्न होता. स्थायी आदेश म्हणजे हजेरी, पाळी, रजा, शिक्षा यांविषयींचे कारखान्याचे लेखी नियम. ते मालकांनीं एकट्यानें लिहावे कीं दोघांनीं मिळून, हा त्यांतला कळीचा मुद्दा. याचें कायद्यांतील उत्तर दहा वर्षांनीं, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें केलेल्या १९३८ च्या मुंबईच्या औद्योगिक कलहाच्या कायद्यानें दिलें. ठरावीक बाबींत फेरबदल करूं इच्छिणाऱ्या मालकानें तशी नोटीस द्यावी, तिच्यावर बोलणीं व समेटाचा प्रयत्न व्हावा, आणि तोंपर्यंत फेरबदल करूं नये, असा दंडक तेव्हां प्रथम घालण्यांत आला. आमच्या कथेंतला हा खरा वळणाचा क्षण. तोंवर कायदा मालकास ‘इतक्याच्या पुढें जाऊं नको’ एवढेंच सांगत होता. आतां तो त्यास ‘विचारल्यावांचून हलूं नको’ असें सांगूं लागला.

मात्र हा दंडक दुधारी होता. जी नोटीस मालकानें द्यावयाची तीच, कांहीं बदल हवा असल्यास, कामगारांनींहि द्यावयाची. आणि समेटाच्या साऱ्या पायऱ्या चढून होण्यापूर्वीं संप केल्यास तो बेकायदा. डॉ. आंबेडकरांनीं विधिमंडळांत या बिलास कडाडून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वतःच्या इच्छेनें काम करण्याच्या स्वातंत्र्याचेंच दुसरें नांव असून त्यास गुन्हा ठरविणें म्हणजे कामगारास गुलाम करणें होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पुढारी यांनीं मिळून एक दिवसाचा निषेधाचा संप घडवून आणला. दोन वर्षांपूर्वींच्या १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्यांतहि अशीच एक पाचर होती: दहा किंवा अधिक कामगार संगनमतानें, योग्य सूचना व सबळ कारण यांवांचून गैरहजर राहिले तर त्यांचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा मालकास होती. तेव्हां १९०६ सालीं जें दगडफेकीनें झालें तें आतां कायदेशीर मार्गानें करावें, अन्यथा आठ दिवसांच्या भाकरीस मुकावें, अशी ही व्यवस्था. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप आम्हांस पुष्कळ अंशीं मान्य आहे. तरीहि नोटिशीचें तत्त्व एकदां मालकाच्या गळ्यांत पडलें तें पुन्हां निघालें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. आणि पुढच्या साऱ्या कायद्यांनीं त्याच पायावर बांधकाम केलें.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानें हीच रचना अधिक पक्की केली. कामाचे तास व विश्रांतीच्या वेळा या नोटिशीच्या यादींत गेल्या. पाळ्यांची व्यवस्था मात्र स्थायी आदेशांच्या यादींत राहिली. आणि नोटिशीवांचून केलेला बदल ‘बेकायदा बदल’ ठरून तो मागें घेण्याचा हुकूम कामगार न्यायालय देऊं लागलें. त्याच वर्षीं स्थायी आदेशांचा मध्यवर्ती कायदा झाला आणि शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांस आपले नियम लिहून मंजूर करून घेणें भाग पडलें. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें दिवसास ९ व आठवड्यास ४८ तास, पांच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, जादा कामास दुप्पट मजुरी, या आतां सर्वांच्या परिचयाच्या झालेल्या मर्यादा घातल्या. त्यांतील एकसष्टावें कलम फारसें कोणी उद्धृत करीत नाहीं. वेळांच्या नोटिशींत बदल करावयाचा झाल्यास तो करण्यापूर्वीं इन्स्पेक्टरास दोन प्रतींत कळवावा, आणि त्याच्या पूर्वसंमतीवांचून मागील बदलास एक आठवडा झाल्याशिवाय नवा बदल करूं नये, असें तें सांगे. लोखंड्यांच्या निवेदनानंतर चौसष्ट वर्षांनीं सकाळची कड निदान आठवडाभर तरी स्थिर राहण्याची सोय झाली.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५६ सालीं जें नऊ-अ हें कलम घालण्यांत आलें त्यानें मुंबईचें तत्त्व साऱ्या देशास लागू केलें. चौथ्या परिशिष्टांतील बाबींत बदल करावयाचा असल्यास मालकानें बाधित कामगारांस नोटीस द्यावी आणि २१ दिवस थांबावें. त्या परिशिष्टांत मजुरी आहे, रजा आहे, कामाचे तास व विश्रांति आहे, आणि स्थायी आदेशांना सोडून पाळी सुरू करणें, बदलणें वा बंद करणें हेंहि आहे. ही नोटीस म्हणजे कामगाराची संमति नव्हे, हें स्पष्ट केलें पाहिजे. २१ दिवस उलटले कीं मालक बदल करूं शके. कामगारांना तो अमान्य असल्यास त्यांनीं तंटा उपस्थित करावा. तंटा एकदां समेटापुढें वा न्यायाधिकरणापुढें गेला कीं मात्र तेहतिसावें कलम जागें होई, आणि तंट्याशीं संबद्ध अशा कोणत्याहि अटींत कामगाराचें नुकसान होईल असा बदल लेखी परवानगीवांचून करतां येत नसे. केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा. केवळ नऊ-अ कलम मोडल्याबद्दल स्वतंत्र शिक्षाच सांगितलेली नव्हती; म्हणून सर्वसाधारण कलमाखालीं दंड, तोहि जास्तींत जास्त शंभर रुपये! हें वाचून एखाद्या मालकास हंसूं आलें असेल तर नवल नाहीं. पण त्याचा धोका दंडांत नव्हता. नोटिशीवांचून केलेला बदल कायद्याच्या दृष्टीनें झालाच नाहीं असें ठरे, आणि मग जुनी वेळ चालूच होती असें धरून साऱ्या कामगारांचा मागचा हिशेब, वर्षानुवर्षांचा, उभा राही. शंभर रुपयांच्या मागें लाखांची बाकी अशी दडलेली असे.

या कलमाचा अर्थ लावणारे दोन निवाडे सांगण्यासारखे आहेत. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणांत साप्ताहिक विश्रांतीचा दिवस रविवारऐवजीं दुसरा करण्यांत आला होता. आठवड्यास एक सुटी कायम होती, तासहि तितकेच. तरीहि १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा बदल नोटिशीवांचून करतां येत नाहीं असें ठरविलें. बदलाचा आपल्यावर काय परिणाम होईल याचा विचार करून आपली बाजू मांडण्याची संधि कामगारांस मिळावी हा नोटिशीचा हेतु, असें न्यायालयानें सांगितलें. हें वाचतांना आम्हांस महालक्ष्मीच्या मैदानावरील सभेची आठवण झाली. सुटी म्हणजे सातांतला कोणताहि एक दिवस नव्हे. ज्या दिवशीं मुलें घरीं असतात, नातलग येतात, तो दिवस. दुसरा निवाडा १९७३ चा, हिंदुस्थान लीव्हर कंपनीचा. तेथें विभागांची पुनर्रचना झाली होती. पण तिनें कामगारांच्या अटींवर प्रतिकूल परिणाम झाल्याचें दिसत नाहीं म्हणून नोटिशीची जरूर नाहीं असें न्यायालयानें म्हटलें. हा निवाडा तत्त्वतः योग्यच आहे. प्रत्येक टेबल हलवितांना नोटीस द्यावी असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु ‘प्रतिकूल’ काय हें कोणाच्या डोळ्यांनीं पाहावयाचें, हा प्रश्न त्यानें पुढच्या प्रत्येक खटल्यासाठीं मोकळा ठेवला. गिरणीच्या वहींत शून्य मांडलेली किंमत न्यायालयाच्या तागडींत किती भरते, यावरच सारें अवलंबून.

आतां आमच्या बहुतेक वाचकांच्या घरचा प्रश्न. कचेरींत, पेढींत, दुकानांत काम करणाऱ्यांना हें संरक्षण होतें काय? मुंबई प्रांतानें १९३९ सालीं दुकानें व संस्था यांसाठीं हिंदुस्थानांतला पहिला कायदा करून कारकून व गुमास्ते यांचे तास कायद्याच्या कक्षेंत आणले. औद्योगिक विवाद कायद्यांतील ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येंतहि कारकुनी काम येत असे. पण व्यवस्थापनाच्या अधिकारावर असलेला मनुष्य तींतून वगळलेला. आणि देखरेखीच्या कामावर असलेला मनुष्य १९५६ नंतर महिना ५०० रुपयांहून अधिक पगार घेऊं लागला कीं तोहि बाहेर. ही रकमेची मर्यादा पुढें वाढत गेली, तरी भिंत तीच राहिली. बढतीचें पत्र हातांत पडल्यावर पेढे वांटणाऱ्या कित्येकांना हें ठाऊकहि नसतें कीं, त्या दिवसापासून आपली वेळ बदलतांना मालकानें आपल्याला २१ दिवस आधीं सांगण्याचें कारण उरलेलें नाहीं. त्याच्या हातीं राहतें तें नेमणुकीचें पत्र. आणि त्या पत्रांत ‘कंपनी वेळोवेळीं ठरवील त्या वेळेस’ असे शब्द बहुधा असतातच. कोष्ट्याच्या मागावर बसलेल्या माणसानें साठ वर्षें झगडून जें मिळविलें तें खुर्चीवर बसलेल्या माणसानें असें एका सहीनें सोडून दिलेलें असतें.

मालकच नव्हे, तर सरकारहि घड्याळास हात घालतें, हें २०२० सालीं दिसून आलें. करोनाच्या सांथींत गुजरात सरकारनें १७ एप्रिल २०२० च्या अधिसूचनेनें कारखान्यांना दिवसास १२ व आठवड्यास ७२ तास काम घेण्याची मुभा दिली, आणि जादा तासांना दुपटीऐवजीं साध्याच दरानें मजुरी ठेवली. आधार म्हणून १९४८ च्या कायद्यांतील सार्वजनिक आणीबाणीचें कलम पुढें करण्यांत आलें. तें कलम युद्ध, परचक्र वा अंतर्गत अशांतता यांनीं देशाच्या सुरक्षिततेस उत्पन्न झालेल्या गंभीर धोक्यापुरतें आहे, सांथीमुळें आलेली आर्थिक मंदी त्यांत बसत नाहीं, असें सांगून सर्वोच्च न्यायालयानें १ ऑक्टोबर २०२० रोजीं ती अधिसूचना रद्द केली आणि झालेल्या जादा कामाची कायद्याप्रमाणें मजुरी देण्याचा हुकूम दिला.

त्यानंतर जुने कायदे एकत्र गुंफून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आल्या आहेत. १९४७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेंत नोटीस राहिली आहे, २१ दिवसहि राहिले आहेत, आणि परिशिष्टांतल्या तास, विश्रांति व पाळी या नोंदीहि जशाच्या तशा आहेत. दोन ठिकाणीं मात्र बांध खचला आहे. स्थायी आदेश लिहून मंजूर करून घेण्याचें बंधन आतां शंभराऐवजीं तीनशें कामगारांच्या संस्थांपासून सुरू होतें; म्हणजे असंख्य लहान कारखान्यांत वेळ पुन्हां अलिखित होण्याचा मार्ग मोकळा झाला. आणि तांतडीच्या प्रसंगीं पाळी बदलावयाची झाल्यास, संस्थेंतील तक्रार निवारण समितीचा सल्ला घेऊन, नोटिशीवांचून ती बदलतां येईल असा एक नवा अपवाद कलमाखालीं जोडण्यांत आला आहे. तांतडी कशास म्हणावें हें तेथें सांगितलेलें नाहीं.